गाडीतली पिवळी किटली

कप खाली ठेवा आदी. म्या ही गोष्ट सांगायला लागले का लोकांच्या नाकातनं चहा येतो, आन् मंग सारवण माज्या गळ्यात पडतं. आन् दुसऱ्या कुणाकडनं ऐकाय जाऊ नगा. दुसरं कुणी सांगंल तर तिखटमीठ लावून सांगंल. म्या सांगते तर निदान मीठ तरी माज्या हातचं.

जन्मभर म्या लोकांच्या खोड्या काडल्या. पाहुण्याच्या चहात साखरंच्या जागी मीठ, झोपलेल्या नवऱ्याच्या मिशीला पीठ, पारावरच्या म्हाताऱ्यांच्या काठ्या ह्याची त्याला, त्याची ह्याला. साठ वर्सं ह्योच धंदा. एकदा बी सापडले न्हाई. हिर्डोशीची हौसाबाई सापडती व्हय? सापडली, सापडली! भोरला, भर बाजारादिवशी, चार लोकांच्या म्होरं. आन् कुणापायी? एका किटलीपायी!

थांबा, सांगते.

माजी लेक सुरेखा वरवं बुद्रुकला दिलीया. नसरापुराजवळ, हमरस्त्याला. आन् आमी ह्ये असं डोंगरात, वरंध्याच्या अंगाला. नकाशात बगाल तर बोटभर वाट. पर एसटीनं या, मंग कळंल! वरव्यातनं भोर गाठायचं, भोरात बसून एसटीची वाट बगायची, ती आली तर आली, न्हाई आली तर काखंत एक पोर आन् हाताला एक पोर धरून माघारी. लेक यायची ती दिवाळीला. वर्सातनं एकदा. नातवंडं मला वळखायचीच न्हाईत. धाकटी तर मला बगून भोकाड पसरायची.

मंग जावयानं गाडी घेतली. दत्ता नाव त्याचं. कंपनीत जातो, गरीब जीव, आईपुढं तोंड उगडायचं म्हणलं तर आदी खाकरतो. गाडी जुनीच घेतली, पर पांढरी फेक, आत गार वारं सोडणारी. आन् काय सांगू, दर पंधरा दिसाला लेक माज्या दारात! धाकटी भोकाड इसरली, माज्या मांडीवर बसून भाकरी खायला लागली. म्या त्या गाडीच्या चाकावर पाणी वतून मंग तिला आंगणात घेयाचे, नव्या सुनंवाणी.

पर गाडीसंगं आणखी एक वस्तू यायला लागली. इहीणबाई. दत्ताची आई.

आता त्या बाईचं काय वर्णन करावं! गळ्यात माळ, चांगली गोष्ट हाये. पर माळ हिनं गळ्यात घातली का नाकात, त्येच कळत न्हाई. अंडं म्हणलं का चूळ भरती. चार घरं सोडून कुणी सुकट भाजली का हितं ही आंघूळ करती. आन् बोलणं असं, जसं काय वरवं म्हंजे पुणं आन् हिर्डोशी म्हंजे रान.

पयल्यांदा गाडी दाखवायला आली तवा आख्खी आळी गोळा झाली. नातू म्हणला, "आज्जे, बस, देवळापातूर चक्कर मारू." म्या पदर खोचला, एक पाय आत टाकला, तवर मागनं आवाज.

"अवो इहीणबाई, वहाणा!"

"वहाणांचं काय?"

"काडा की. आत गालिचा हाये. तुमच्याकडचा चिखल लई चिकट."

म्या वहाणा काडल्या. बाई तेवढ्यावर थांबली का? पिशवीतनं पेपर काडला, माज्या पायाखाली हातरला, आन् माज्या वहाणा पिशवीत घालून माज्याच मांडीवर दिल्या! जशी काय म्या बाजारात कोंबडी घिऊन निगाले. आळीतल्या बाया बगत्यात. एक तर फिदी फिदी हसली. कोण ती, सांगत न्हाई. ती हितंच बसलीया आन् तिसरा कप पितीया.

आन् वर काय इचारती? "लग्नात आमी नेसवलेलं लुगडं नेसत न्हाईसा जणू?"

आता मानपानाचं लुगडं बगा. जांभळं, तांबड्या काठाचं. पयल्या धुण्याला त्याचा रंग वढ्यात गेला. दुसऱ्या धुण्याला पल्याडचा डोंगर दिसाय लागला त्यातनं. म्या त्याची कवाच फडकी केली व्हती. एक भाकरीला, एक चुलीला, एक हात पुसायला.

पर तोंड भरून सांगितलं, "ट्रंकंत ठिवलंय, इहीणबाई! डांबरगोळ्या घालून. येवढं भारी लुगडं रोज नेसायचं असतं व्हय?"

लई खूश झाली बया.

मंग दुपारी सगळे जेवून आडवे झाले. म्या चुलीम्होरं. माज्या डोक्यात ती वहाणांची पिशवी फिरतीया. समोर तारंला बोंबील टांगलेलं. म्या बोंबलाकडं बगितलं, बोंबलानं माज्याकडं बगितलं.

चार बोंबील काडले, निखाऱ्यावर जरा परतले, वास सुटला तसं चुलीचं फडकं घेतलं, त्यात घट्ट गाठोडं बांदलं आन् कनवटीला मारलं. येवढुसं. लिंबायेवढं.

बाहेर आले तर जावईबापू गाडीचं तोंड वासून उभे. काच धुवायचं पाणी भरायचं व्हतं.

"जावईबापू, ह्यो डबा कसला?"

"बॅटरी, मामी."

"आन् ही मागं जाळी कसली?"

"हितनं बाहेरचं वारं आत जातं. एसीला."

"अस्सं!" म्या म्हणलं. देवच बोलला म्हणायचा जावयाच्या तोंडातनं!

जावई पाण्याचा क्यान आणाय आत वळला. म्या गाठोडं बॅटरीच्या मागं, जाळीच्या बुडात सरकवलं. आन् उभी ऱ्हायले डोंगराकडं बगत. गरीब, भोळी म्हातारी.

गाडी भोर गाठायच्या आत फोन आला.

"आये, गाडीत काय तरी मेलंय!" सुरेखा. मागनं इहीणबाईचं ओकणं ऐकू येतंय.

"काय मेलंय गं?"

"म्हाईत न्हाई! एसी लावला का वास सुटतो! सासूबाई खिडकीतनं बाहेर हायेत निम्म्या!"

"आगं बया! पायाखाली पेपर हातरला न्हाई का त्यांच्या?"

फोन ठिवला आन् म्या अशी हसले, अशी हसले, का कुडाला धरून बसावं लागलं. सांजच्याला आळीभर सांगत फिरले. तुमाला बी सांगितलं व्हतं, आटवतंय का? तवा तुमी माज्या पाया पडल्या व्हत्या! आता कशा गप बसल्यात बगा.

त्यांनी गाडी धुतली, शिटा काडल्या, गालिचे वाळत घातले, उदबत्त्या लावल्या. आठ दिसांत वास आपसूक गेला. का गेला, ह्यो इचार म्या केला का? न्हाई. शाण्या माणसानं केला असता. म्या म्हणलं, वास हाये, येतो, जातो.

मंग पंधरा-वीस दिसांनी लेक आली ती तोंड पाडून.

"आये, गाडीत दिवा लागलाय."

"मंग इझव."

"इझत न्हाई. इंजनाचा हाये."

म्या जाऊन बगितलं. काट्यांच्या मदी एक पिवळं चित्र. हुबेहूब किटली! तोटी हाये, कान हाये. म्या म्हणलं, "जावईबापू, आत चहा ठिवलाय व्हय?"

कुणी हसलं न्हाई. दत्ता म्हणला, "मामी, ही पेटली म्हंजे इंजनात काय तरी बिगडलंय. काय, त्ये मातुर ती सांगत न्हाई."

बगा म्हंजे! घरात आग लागली म्हणून वरडायचं, आन् कुठल्या खोलीत इचारलं तर तोंड फिरवायचं! असला दिवा कोण बसवतं?

आन् तितनं सुरू झाली शाण्या लोकांची रांग.

पयला शाणा वरव्यातला टेम्पोवाला. म्हणला, "पेट्रोलच्या टाकीचं झाकण ढिलं असंल. आजकालच्या गाड्यांना तेवढं बी खपत न्हाई. घट्ट लावा, दोन-चार दिस चालवा, आपसूक जातो." लावलं घट्ट. चार दिस गेले. किटली हाये तशी. म्या म्हणलं, झाकणानं आजार बरा व्हत असता तर म्या माज्या गुडघ्याला तांब्या उपडा घातला असता.

दुसरा हमरस्त्यावरचा गॅरेजवाला. नखात ग्रीस, तोंडात मावा, आन् रुबाब असा का डॉक्टरनं लाजावं. "प्लग गेलेत." बदलले प्लग. मशीन लावून दिवा घालवला. दत्तानं पेढे वाटले. पेढे संपायच्या आत किटली पुन्यांदा पेटली!

तिसऱ्यानं मोबाईलला कसलीशी डबी जोडली, बगितलं, आन् मान हालवली. "ऑक्सिजनचा सेन्सर."

म्या फोनवरच व्हते. म्या म्हणलं, "गाडीला ऑक्सिजन? का, ती आयशीयूत हाये?"

"मामी, धुरात ऑक्सिजन किती उरला त्ये मोजतो त्यो."

"का मोजतो? धूर काय परत घ्यायचाय का आपल्याला?"

त्यो बी बदलला. नवा कोरा. सात दिस गुमान ऱ्हायली गाडी, आन् आठव्या दिशी खड्ड्यात आदळली का किटली म्होरं! मंग चौथा म्हणला, सायलेन्सरात धूर गाळायची जाळी असती, ती चोंदली, आख्खी बदलावी लागंल. त्यानं आकडा सांगितला तसा दत्ता खाकरला बी न्हाई, खालीच बसला.

आन् इहीणबाईंना तर काय, सणच! "म्या सांगत व्हते! तुज्या सासुरवाडीला गाडी नेली तवापासनं ह्ये इघ्न लागलंय. आदी त्यो वास, आता ह्यो दिवा. तितलं कायतरी लागलंय गाडीला. इकून टाक. येक गिऱ्हाईक हाये बगितलेलं."

बगा, येवढी खुळी बाई! पर... जाऊ द्या, त्ये म्होरं येतंयच.

सुरेखा फोनवर रडली. "आये, गाडी गेली म्हंजे पुन्यांदा दिवाळीलाच गं." मागनं धाकटी इचारतीया, "आज्जीकडं कवा जायाचं?"

किटलीचं हसू तिथंच संपलं. ती गाडी गेली तर धाकटी पुन्यांदा मला बगून रडणार, ह्ये मला डोळ्यापुढं दिसाय लागलं.

दत्ता म्हणला, शेवटचं येकदा भोरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला दाखवतो. त्यो बी जाळीच म्हणला तर दुसऱ्या दिशी गिऱ्हाईकाला चावी.

म्या म्हणलं, म्या बी येते! बाजारादिवशी सकाळच्या एसटीत उभ्यानं भोर गाठलं. लेकीची गाडी वाचवायला निगाले व्हते म्या. जशी काय म्या वकील.

मिस्त्रीचं गॅरेज बाजाराच्या तोंडाशीच. शेजारी सुक्या मच्छीवाल्या बाया बसत्यात, म्हणून इहीणबाई नाकाला पदर लावून लांब उभ्या. दत्ता खाकरतोय. सुरेखाच्या कडंवर धाकटी. मिस्त्री चष्म्यावाला, वाळका, बोलायला पैसं पडत्यात असा.

त्यानं डबी जोडली. बगितली. "सेन्सर सांगतंय."

"नवा घातलाय," दत्ता म्हणला.

"हूं." म्हातारा तोंड घालून आत बगाय लागला. बॅटरी हाताळली. आन् मंग त्यानं नाक वर केलं. येकदा हुंगलं. पुन्यांदा हुंगलं.

मला तवा बी कळलं न्हाई! शप्पत सांगते. मच्छीबाजार शेजारी, मला वाटलं बाजाराचाच वास.

"सेन्सर चांगला हाये," मिस्त्री म्हणला. "त्याची वायर कुरतडलीया. गाडी हादरली का जोड सुटतो, मंग दिवा लागतो. उंदीर."

उंदीर! माज्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. गाडीचा दोष न्हाई, सायलेन्सर न्हाई, येक वायर! गाडी वाचली! आन् वर उंदीर कुणाचा? गाडी ऱ्हाती कुठं? वरव्याला! इहीणबाईच्या पडवीत!

आता गप बसावं का न्हाई माणसानं? गाडी वाचली, लेक यायची वाट मोकळी झाली, घरी जावं, भाकरी खावी. पर म्या कसली गप बसते!

"ऐकलंत का इहीणबाई?" म्या सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणलं. "उंदीर निगाला! आमच्या हिर्डोशीला इघ्न म्हणत व्हत्या ना? गाडी कुणाच्या पडवीत लावत्यात? भाताची पोती कुणाच्या पडवीत? उंदरांना गालिचा हातरला का न्हाई मंग?"

"आमच्याकडं उंदीर न्हाईत!" इहीणबाई पदरातनं वरडल्या. "आमी मांजर पाळलंय."

"तुमच्या घरचं मांजर! त्याला बी माळ घातली असंल तुमी!"

मच्छीवाल्या बाया हसल्या. बाजार जमला. मला चेव आला.

"मामी, जाऊ द्या ना," दत्ता खाकरला.

"तुमी गप बसा, जावईबापू! येवढे दिस माज्या गावाला बोल लावला. आता न्याव व्हऊ द्या. ज्या घरचा दोष निगंल, त्या बाईनं दुसरीच्या वहाणा हातात घ्यायच्या आन् ह्या गॅरेजापासनं एसटी स्टँडापातूर मिरवत न्यायच्या. बोला! हाये कबूल?"

इहीणबाईचं त्वांड लाल. पर बाई काय कमी न्हाई. "कबूल! चार लोकांच्या म्होरं कबूल!"

"ऐकलंत ना समद्यांनी?" म्या मच्छीवाल्यांना साक्षीला घेतलं. "मिस्त्रीदादा, तुमी पंच."

मिस्त्री चष्मा पुसत व्हता. म्हणला, "आजी, येक इचारू का?"

"इचारा की."

"तुमच्याकडं उंदराच्या सापळ्याला काय लावत्यात?"

बगा हां. म्या काय म्हणावं? गप बसावं का न्हाई? पर शाणपण दाखवायची संधी आली आन् म्या सोडली, असं कदी झालंय?

"शेरातली लोकं भजं लावत्यात," म्या म्हणलं. "खुळी! भजं उंदीर नुसता हुंगून जातो. सापळ्याला लावायचं बोंबील. तेबी कच्चं न्हाई, जरा परतलेलं. परतलं का असा वास सुटतो, तुमच्या घरचा तर येतोच, चार घरचे उंदीर सोयरे घिऊन येत्यात. चाळीस वर्सं लावतीया म्या. माजा सापळा कदी रिकामा जात न्हाई!"

"परतलेलं?" मिस्त्रीनं इचारलं.

"व्हय, परतलेलं! येवढं बी म्हाईत न्हाई व्हय?"

"न्हाई, म्हाईत हाये," म्हातारा म्हणला. "कारण हितं इंजनाच्या उबंला रोज परतलं जात व्हतं."

आन् त्यानं बॅटरीच्या मागं हात घातला.

बायांनो, तवा मला आटवलं.

त्यानं काडलं तर काय, उंदराचं आख्खं घरटं! भाताचं तूस, वायरीचं कुरतडलेलं तुकडं, चिंध्या, आन् मदोमद बोंबलाची दोन मुंडकी. डोळं वटारून माज्याकडं बगत व्हती. तारंवर असताना बगितलं व्हतं, तशीच.

सुरेखानं येकदा मुंडक्याकडं बगितलं, येकदा माज्याकडं. लेक हाये ती माजी, तिला कळाय किती येळ लागतोय!

"आये..." ती म्हणली.

"मला काय म्हाईत?" म्या म्हणलं. "बोंबील काय आमच्याच घरी मिळत्यात? हा आख्खा बाजार भरलाय! वाऱ्यानं उडून आला असंल."

"गाठ मारून?" मिस्त्री म्हणला. आन् त्यानं त्या चिंध्यांतली गाठ उलगडली. उंदरांनी बाकी समदं कुरतडलं, पर मेल्यांनी गाठ तेवढी जपून ठिवली व्हती. जांभळं फडकं. तांबडा काठ.

इहीणबाई नाकाचा पदर सोडून म्होरं आल्या. वास इसरल्या, माळ इसरल्या. दोन बोटांत त्यो काठ धरला, उन्हाला नेला, आन् माज्याकडं वळल्या.

"इहीणबाई," आवाज असा गोड, का बासुंदी. "ट्रंकंत ठिवलंय ना तुमी लुगडं?"

म्या काठ वढून घ्याय गेले, त्यांनी सोडला न्हाई.

"डांबरगोळ्या घालून?"

म्या धाकटीकडं बगितलं. म्हणलं, निदान ही तरी रडंल, मंग तिला घिऊन लांब जाता येईल. ती मेली टाळ्या वाजवत व्हती.

"मामी, तुमी..." दत्ता पयल्यांदा न खाकरता बोलला. "तवा मला जाळीचं इचारलं व्हतं, त्ये ह्याच्यापायी?"

"उंदीर वरव्याचेच हायेत!" म्या शेवटचं वरडून बगितलं. "उंदीर तर हिर्डोशीचे न्हाईत ना?"

त्यावर मिस्त्रीनं निवाडा दिला. जन्मात तेवढाच बोलला असंल त्यो. "उंदीर वरव्याचे. पर आवतन हिर्डोशीचं."

बाजार असा हसला, का एसटीच्या डायव्हरनं गाडी थांबवून इचारलं काय झालं म्हणून. जी मच्छीवाली माजी साक्षीदार, तीच सगळ्यात मोठ्यांदी वरडली, "वहाणा! वहाणा!"

इहीणबाईनं सावकाश येक वहाण काडली. मंग दुसरी. माज्या म्होरं नीट जोडून ठिवल्या. आन् पिशवीतनं पेपर काडला.

"ह्यो कशाला?" म्या म्हणलं.

"वहाणा पेपरात गुंडाळून धरा, इहीणबाई. तुमच्या हाताला बोंबलाचा वास हाये."

कारण मिस्त्रीनं तवर ती मुंडकी फडक्यात पुन्यांदा बांदून त्ये गाठोडं माज्या हातात दिलं व्हतं. "घ्या आजी, तुमची ठेव."

येका हातात बोंबलाचं गाठोडं, दुसऱ्या हातात इहीणबाईच्या वहाणा, आन् मागनं त्या स्वता, अनवाणी, दोन्ही हात मागं बांदून, कलेक्टर पाहणीला निगाल्यावाणी. भोरची बाजारपेठ दोन्ही अंगाला उभी. मिस्त्रीनं तवर वायर जोडली, किटली इझली, ती आजपातूर पेटली न्हाई. लेक बी येती दर पंधरा दिसाला, कालच येऊन गेली. गाडी इकायचं नाव कुणी काडत न्हाई. तेवढं चांगलं झालं.

फरक येवढाच, आता गाडीत बसताना इहीणबाई वहाणा काडाय सांगत न्हाईत. म्हणत्यात, "वहाणा ऱ्हाऊ द्या. कनवटीला काय हाये, त्ये दावा."

आन् त्या दिशी, म्हणता म्हणता इसरलेच. एसटी स्टँडाच्या अर्ध्या वाटंवर मला मागनं पावलं ऐकू आली. म्या म्हणलं, चला, येवढ्या बाजारात येक तरी जीव माज्या बाजूचा निगाला, सोबतीला आला. वळून बगितलं.

मच्छीबाजारातली तीन मांजरं व्हती. शेपट्या वर करून. आन् त्यांचा बी डोळा माज्यावर न्हवता, गाठोड्यावर व्हता.